पोकळ पोटाच्या सुरया

॥ हर्मीस प्रसन्न ॥

कुंभारवाडा, अथेन्स
मुनिखिऑन शुद्ध ७

ती. सौ. अंफारेतीताईस,
दिफिलोसचे कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या सासूबाई गेल्याचं कळलं. म्हातारी फटकळ होती, पण शेवटी शेवटी सातूची पेज तुझ्याच हातची मागायची असं तूच मागे लिहिलं होतंस, तेव्हा आता तिच्याबद्दल वाकडं बोलायला नको. भाऊजींना माझा नमस्कार सांग आणि त्यांना जरा जेवायला लाव.

हे पत्र घेऊन येणाऱ्या गलबतावरच पेंढ्यात गुंडाळलेली एक पांढरी सुरई पाठवली आहे, महिन्याच्या दिवशी थडग्यावर वाहायला. तेल इथूनच भरून, तोंडाला मेण लावून पाठवलंय. तुमच्या त्या वाऱ्याच्या बेटावर गहू आणि धूळ सोडून पिकतं काय? चित्र आपल्या मानिसने काढलंय. हा मानिस म्हणजे तू लग्न होऊन गेल्यावर तुझ्या बैठकीवर येऊन बसलेला फ्रिजियन रंगारी. बाई खुर्चीत बसलेली आणि दासी पेटी घेऊन पुढे उभी, असं चित्र आहे. नाक सासूबाईंच्या नाकापेक्षा पुष्कळच सरळ आलंय, भाऊजी काही तक्रार करायचे नाहीत.

धंदा उत्तम चाललाय. लढाईमुळे इटलीकडे जाणारा माल अडकला, मेजवानीचे पेले कोणी विचारत नाही, पण पांढऱ्या सुरया हातोहात जातात. माणसं काही मरायची थांबत नाहीत, आणि सुरईशिवाय कोणी कोणाला पुरत नाही. गल्लीतले जे लोक मला बापाच्या जिवावरचं पोर म्हणून हसायचे, ते आता आपल्या भट्टीतून काय निघतंय ते बघायला मुद्दाम येतात.

बाबांचे डोळे मात्र पार गेले. उंबऱ्याशी बसतात आणि भट्टीतून निघालेलं भांडं नखाने वाजवून बघतात. खणखणीत वाजलं की मान हलवतात, बद्द वाजलं की थुंकतात. सुरया तेवढ्या वाजवत नाहीत, हाताने बाजूला सारतात. म्हातारपण, दुसरं काय. तुझी आठवण रोज काढतात.

पोहोच कळव. लोभ तुझ्या शिव्यांसकट चालू राहू दे.

तुझा,
दिफिलोस

॥ हिफेस्टस प्रसन्न ॥

मिरिना, लेम्नोस
थार्गेलिऑन शुद्ध ३

चि. दिफिलोस यास,
अंफारेतीचे अ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. मनात आहे ते लिहिलं असतं तर पत्राला वास आला असता.

महिन्याच्या दिवशी सगळं सासर थडग्याशी जमलं होतं. अथेन्सहून माहेरची सुरई आलीय म्हणून मीच आदल्या दिवसापासून मिरवत होते. नणंदबाईंना मुद्दाम चित्र दाखवलं. मेण फोडलं, सासूबाईंचं नाव घेतलं आणि सुरई वाकडी केली. बारीक धार आली, मग दोन थेंब, आणि संपलं. मला वाटलं आत काही अडकलं. हलवली, उलटी केली, तळावर थोपटली, त्या दगडासमोर वेड्यासारखी. नणंदबाई हळूच म्हणाल्या की माहेरचा हात सढळ दिसतोय. सगळ्या बायका खाली बघायला लागल्या, दिफिलोस. हसणं परवडलं असतं.

घरी येऊन गवताची काडी आत घातली, तर बोटभर गेली आणि टेकली. बाहेरून हातभर उंच सुरई, आणि तळ बोटभर खोल? पाट्याच्या वरवंट्याने फोडली. आत मानेला चिकटवलेली एवढीशी कुपी, घंटेत लोलक लटकतो तशी लटकलेली. बाकी सगळं पोट कोरडं ठणठणीत. खालच्या बाजूला भट्टीत वाफ जायला पाडलेलं छिद्रही सापडलं, तेही मानिसने दासीच्या पायघोळ झग्यात शिताफीने लपवलेलं. शी. हातातलं खापर टाकून मी हात राखेने घासले.

मेलेल्या माणसाला गंडवतोस? जे उठून भांडायला येऊ शकत नाही त्याला? बाजारात मापात मारणारे मी पुष्कळ पाहिले, पण त्यांच्या गिऱ्हाइकाला निदान तोंड असतं.

आणि हे कोणाच्या घरात व्हावं? बाबांनी पेल्याच्या एका वाकड्या कानापायी सबंध भट्टीचा माल फोडलेला मी पाहिलाय. मी लहानपणी रंगवायला बसले की पेला उलटा करून माझ्या नाकापुढे धरायचे आणि म्हणायचे, आतून बघ, बाई, आतून बघ. जिथे कोणाची नजर जात नाही तिथे कुंभार कळतो, असं त्यांचं म्हणणं. साथीच्या वर्षी आई गेली तेव्हा माझे दिवस भरलेले, मला निघता आलं नाही. लोक आपली माणसं दुसऱ्याच्या चितेवर टाकून पळत होते असे ते दिवस. तेव्हा बाबांनी कळवलं होतं की तुझ्या आईला गळ्यापर्यंत भरलेली सुरई दिली आहे, तू काळजी करू नकोस. त्या एका वाक्यावर मी आजवर शांत झोपत आलेय. आणि त्याच चाकावर बसून तू हे घडवतोस.

बाबांना सांगितलंस का? नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखव, मोठ्याने.

लोभ असायचा तो आहे, पण आज त्याला ओकारी येतेय.

अंफारेती

॥ अथीना प्रसन्न ॥

कुंभारवाडा
स्किरोफोरिऑन शुद्ध ५

ती. ताईस,
कृ. सा. न.

पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मीही हात धुतले.

नणंदेसमोर तुझी मान खाली गेली त्याबद्दल चुकलो. घरच्यांना पाठवताना खरी पाठवायला हवी होती, किंवा निदान तुला कानात सांगायला हवं होतं. पण बाकीचं मी ऐकून घेणार नाही.

तू लेम्नोसला बसून बोलतेस. इथे दर उन्हाळ्याला स्पार्टावाले येतात आणि तटाबाहेरची झाडं तोडून, जाळून जातात. आजोबांनी लावलेलं ऑलिव्ह तोडायला अर्धा दिवस पुरतो, नवीन धरायला नातू म्हातारा व्हावा लागतो. एक सुरई भरायची म्हणजे घरातले दिवे महिनाभर बंद. मग माणसं काय करतात? दुकानात येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळू आवाजात विचारतात, हलकी आहे का? हलकी म्हणजे काय ते मला सांगायला लागत नाही, त्यांना ठाऊक असतं. शेजारच्या भट्टीत आधीपासून करत होते, तिथे बघूनच मी शिकलो. मी कोणाला फसवत नाही ताई, फसवायचं भांडं विकतो. फसवतात ते स्वतः, रडत रडत.

आणि पोकळपणाचं म्हणशील, तर गडावर जाऊन बघ. हस्तिदंत आणि सोन्याची एवढी थोरली अथीना, परमुलखातले लोक तोंडात बोटं घालून उभे राहतात, काही जण रडतातसुद्धा. हस्तिदंत तडकू नये म्हणून तिची निगा राखायला जो सुतार जातो तो आपल्याच गल्लीत राहतो. तो सांगतो की आत नुसत्या तुळया, खुंट्या आणि उंदरांची बिळं. चौकातले ते काशाचे पहिलवान, ज्यांची एकेक शीर मोजून घ्यावी, त्यांच्याही पोटात वाराच आहे. सगळ्या जगाने वाखाणलेली आपली कला म्हणजे वरून कातडी आणि आतून काही नाही. मी एकट्यानेच भरीव का व्हायचं?

तुमच्या लेम्नोसवर तर लाल मातीच्या वड्यांवर बकरीचा शिक्का मारून विषावरचं औषध म्हणून विकतात. आधी ते बंद कर, मग भावाला शहाणपण शिकव.

बाबांना पत्र वाचून दाखवलं, तू सांगितलंस तसं, मोठ्याने. आईच्या सुरईपर्यंत आलो तेव्हा ते उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले. पुढचं ऐकलं नाही. रात्री जेवलेही नाहीत. बघ, तुझ्या जिभेचा प्रताप.

राग निवला की लोभ कर. घाई नाही.

दिफिलोस

मिरिना
हेकातोंबाइऑन शुद्ध २

चि. दिफिलोसास,
अ. आ.

आज देवाचं नाव वर घातलेलं नाही, तुझ्या पत्राला उत्तर देताना कोणत्या देवाला मध्ये घ्यावं ते समजेना.

अथीना पोकळ आहे, असेल. पण तिने कधी सांगितलं की माझ्या पोटात तेल आहे? तिच्याकडे बघायचं असतं, म्हणून ती बघण्यासारखी केलीय. पहिलवानाच्या पुतळ्याला कोणी कुस्तीला बोलावत नाही. सुरईकडे नुसतं बघायचं नसतं, ती वाहायची असते. एवढं कळायला कुंभाराच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही. आणि आमच्याकडे माती विकतात ती माती म्हणून विकतात. तिने कोणी बरं होतं की नाही ते देव जाणे, पण वडी फोडली तर आत मातीच निघते.

बाबा जेवले नाहीत हे वाचून मलाही घास गेला नाही. ते माझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे उपाशी राहिले. ज्या माणसाने वाकडा कान चालवून घेतला नाही त्याच्या घरात काय चाललंय ते त्याला कळलं, म्हणून.

आता नीट ऐक. बाबांचं वय झालंय. त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्यांना तू खऱ्या पोटाची सुरई द्यायची, आणि गळ्यापर्यंत भरायची. आईला मिळाली तशीच. बांधाच्या आडोशाला माझी दोन झाडं आहेत, वाऱ्याने वाकलेली, त्यांच्या तेलाचा बुधला या गलबतावर चढवलाय. तो फक्त त्यासाठी. दिव्याला नको, भाकरीला नको. बाबांच्या थडग्यावर तुझी हलकी ठेवलीस, तर मला भाऊ नाही असं मी इथल्या चार लोकांत सांगेन आणि पुन्हा तुझं नाव घेणार नाही. ही धमकी नव्हे, मी तसं करते हे तुला माहीत आहे.

बाबांना वेगळं लिहिलंय, तुझे कान उपटायला सांगितलेत.

लोभाचं बाबांचं उत्तर आल्यावर बघू.

अंफारेती

॥ हर्मीस प्रसन्न ॥

कुंभारवाडा
मेतागाइत्निऑन शुद्ध ८

चि. सौ. अंफारेतीस,
मिकिऑनचे अ. उ. आ.

अक्षर मानिसचं आहे. रंगारी आहे, अक्षरंही चित्रासारखी काढतो, म्हणून वेळ फार लागतो. बोलणं माझं. पोरगा बाहेर गेलाय तेवढ्यात सांगतोय.

तुझं तेल आलं. बोट बुडवून हुंगलं. चांगलं आहे, थोडं कडवट, पण तसंच असावं. झाडांच्या बुंध्याशी दगड रच, वारा मुळं हलवतो.

पोराला बोलू नकोस. त्याच्या मागे मुलंबाळं आहेत. हलकं घडवतो म्हणून त्याच्यावर थुंकायचा मान माझा नाही. का, ते विचारू नकोस. गल्लीत सगळ्यांदेखत मी ज्या कुंभारांवर थुंकलो त्यांनाही आता तोंड दाखवावंसं वाटत नाही, बरं झालं दिसत नाही ते.

आईच्या सुरईबद्दल पुन्हा लिहू नकोस. एकदा लिहिलंस, पुरे.

माझ्यासाठी काय करायचं ते पोरगा करेल. तुझ्या आईच्या शेजारी जागा आहे, तिथे ठेवा म्हणजे झालं. तू पेला रंगवताना जीभ बाहेर काढून बसायचीस, ते मला हल्ली दिसतं. बाकी काही दिसत नाही.

पोरांना गोड पापा. माझ्यावरचा लोभ आता कमी केलास तरी चालेल.

तुझा बाप

॥ हर्मीस, वाट दाखव ॥

कुंभारवाडा
बोएड्रोमिऑन वद्य ३

ती. ताईस,
दिफिलोसचे सा. न.

बाबा गेले. पितरांच्या दिवसानंतर ताप आला आणि उतरलाच नाही. त्रास झाला नाही. शेवटच्या दिवशी हात चाकावर ठेवायला सांगितलं, मी चाक फिरवलं, ते बोटं टेकवून बसले. पैलतीरीच्या नावाड्यासाठी तोंडात नाणं ठेवलं, माझे केस कापून वाहिले, बायका रात्रभर रडल्या. तू नव्हतीस म्हणून तुझं रडणं मानिसच्या बायकोने रडून घेतलं. मनापासून रडली.

सुरई मी घडवली. खरी. पहिली चाकावरच बसली, कारण हात हलक्याला सरावलेत आणि मोठ्या पोटाला लागणारी भिंत कशी ओढायची तेच विसरलो होतो. दुसरी जमली. मानिसने पांढरा लेप देऊन एक उंबरा आणि त्यावर बसलेला म्हातारा काढला. तुझं तेल ओतायला लागलो तर ते संपेना, पोट पितच राहिलं.

मग शेजारीपाजारी यायला लागले. बाबांना मान होता, प्रत्येकाच्या हातात सुरई. खाटेभोवती रांग लागली, गडावरच्या मिरवणुकीसारखी पांढरी शुभ्र, एकीपेक्षा एक सुंदर चित्रं. सगळ्या हलक्या, ताई. सगळ्या माझ्याच दुकानातल्या. कोणत्या आकृतीच्या पदराखाली छिद्र आहे ते मला लांबून दिसत होतं. एकेक जण पुढे यायचा, गंभीर तोंड करून दोन थेंब सांडायचा, डोळे पुसायचा आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि मी त्यांचे आभार मानत होतो. मग मी मागच्या दारी जाऊन ओकलो. लोकांना वाटलं दुःखाने.

आता जे लिहितोय ते बसून वाच.

पहाटे उजाडायच्या आत खड्डा खणायला गेलो, आईच्या शेजारी. जागा अरुंद. खणणाऱ्याची कुदळ आईच्या बाजूला घसरली आणि खापर फुटल्याचा आवाज आला. मी खाली उतरलो. आईची सुरई. मानेखालून फुटलेली, आणि आत कुपी.

मी आधी मानलंच नाही. मग सुरईच्या कानाखाली डाव्या अंगठ्याचा दाब दिसला. तसा दाब देणारा आपल्या गल्लीत एकच माणूस होता, आणि तो वर खाटेवर होता.

मग मला एक आठवलं. साथीत मीही तापाने पडलो होतो, त्यामुळे धड आठवत नाही. पण बाबा वाडगा घेऊन दारोदार तेल मागायला गेले होते, हे आठवतं. कोणी दार उघडेना, साथीच्या घरच्या माणसाला कोण दार उघडणार? परत आले तेव्हा वाडग्यात पळीभर होतं. मग चाकाचा आवाज आला. घरात प्रेत असताना चाक कोणी फिरवत नाही, म्हणून मला ते तापातलं स्वप्न वाटत होतं. पळीभर तेल घेऊन रिकाम्या दिसणाऱ्या सुरईने आईला निरोप देणं त्यांना जमलं नसणार. तुला ते कळवणंही जमलं नाही. त्यांनी मला याबद्दल चकार शब्द सांगितला नाही, आणि मी तुझं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

तुझं तेल मी निम्मं बाबांना दिलं आणि निम्मं आईला. बाबांची गळ्यापर्यंत भरलेली सुरई तिथेच निम्मी झाली. मोडायचं असेल तर माझ्याशी नातं मोड, विचारायला तू जवळ नव्हतीस.

नवव्या दिवसानंतर फळीवर मी खऱ्या पोटाच्या सुरया मांडून ठेवल्यात. लोक हातात घेतात, जड आहे म्हणतात, आणि खाली ठेवून हलकी मागतात. एकही गेलेली नाही. हलक्या घडवणं मी थांबवू शकत नाही, पोरं खातात त्यावर. पण खऱ्या तिथे राहतील, धूळ खात का होईना.

आईच्या सुरईतली कुपी शाबूत होती. ती लोकरीत गुंडाळून पाठवतोय. इथे ठेवायची मला हिंमत नाही.

लोभ कर म्हणायला तोंड नाही. जे सुचेल ते लिही.

दिफिलोस

॥ दिमितर प्रसन्न ॥

मिरिना, लेम्नोस
प्यानेप्सिऑन शुद्ध ४

चि. दिफिलोस यास,
अंफारेतीचे अनेक, अगदी अनेक आशीर्वाद.

हे शेवटचं गलबत, यानंतर समुद्र बंद. म्हणून घाईने लिहितेय, अक्षर लावून घे.

आधी खरं ते सांगते. पत्र वाचलं आणि मला बाबांची शिसारी आली. तुझी आली होती त्याहून जास्त. तू निदान अनोळखी लोकांच्या मेलेल्यांना गंडवत होतास. यांनी आईला गंडवलं, मला गंडवलं, आणि वर गल्लीत थुंकत हिंडले. मी केस कापले नाहीत, रडले नाही. तुझ्या भाऊजींनी विचारलं तर म्हटलं की माझा बाप कधीच गेलाय, आज काही नवीन घडलं नाही. कुपी मी लोकरीतून काढलीसुद्धा नाही. चुलीमागे टाकून दिली होती.

मग काल धाकटीने खेळायला म्हणून ती बाहेर काढली आणि त्यात बोट फिरवत बसली. मऊ लागते म्हणाली. मी हातात घेतली. सासूबाईंच्या सुरईतल्या तुझ्या कुपीचं खापर मी ठेवलं होतं, तुला कधीतरी तोंडावर मारायला. दोन्ही शेजारी धरल्या. तुझी आतून ओबडधोबड, बोटांचे गोळे तसेच राहिलेले, जिथे कोणी बघणार नाही तिथे तू कशाला हात फिरवशील? बाबांची आतून गुळगुळीत. लेप दिलेला, काठ भिजल्या कातड्याने पुसून गोल केलेला. घरात आई पडलेली, तू तापात, गावात प्रेतांचे ढीग, आणि हा माणूस सुरईच्या पोटात कायमची बंद होणारी कुपी आतून घोटत बसला होता. मला तेच तर शिकवायचे, आतून बघ म्हणून.

म्हणून काही ते खोटं खरं होत नाही, दिफिलोस. इतकं सुबक खोटं बघून उलट जास्तच चीड आली, आणि चीड असतानाच रडायला आलं. गळ्यापर्यंत भरलेली असं लिहायची काय गरज होती? पळीभर आहे म्हणाले असते तर मी काय मेले असते? पळीभरही दारोदार मागून आणलेलं, हे कळलं असतं तर मी जास्त शांत झोपले असते. आता त्यांना विचारायचं कुठे? केस मी आज सकाळी कापले.

तेल दोघांना वाटून दिलंस ते बरोबर केलंस. ते तुला मी सांगायला हवं होतं, तुला आपणहून सुचलं, एवढं मी विसरणार नाही.

कुपीत मी मीठ ठेवते. रोज चिमूट घेताना बोट आत जातं.

तुझ्या फळीवरच्या खऱ्या सुरयांपैकी एक बाजूला काढून ठेव, विकू नकोस. आपल्यात मी मोठी, तेव्हा बहुतेक ती मला लागेल. त्या वर्षी घरात तेल नसलं तर दारोदार फिरू नकोस आणि चाकावरही बसू नकोस. रिकामी आण, पोट तेवढं खरं असू दे.

लोभ गळ्यापर्यंत भरला आहे, असं लिहायचा रिवाज आपल्या घरात आहे. मी लिहीत नाही. पळीभर उरलाय, तेवढा सगळा तुझा.

तुझी ताई,
अंफारेती